स्कूबाच्या बोटीवर लाईफ जॅकेट: कधी घालावे, कधी काढावे, पुन्हा कधी घालावे

मालवण, तारकर्ली किंवा देवबागला पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करायला येणाऱ्या पर्यटकाला धास्ती वाटते ती पाण्याखाली श्वास घेण्याची. प्रत्यक्षात पाण्याखाली त्याच्या शेजारी प्रशिक्षक असतो, तोंडात हवेची नळी असते आणि नवख्यांना नेतात ती खोलीही काही मीटरचीच असते. किनाऱ्यावरून डायव्हिंगच्या जागेपर्यंत नेणारी आणि तेथून परत आणणारी बोट मात्र कोणाच्या विचारातही नसते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात उलटलेली पर्यटकांची बोट स्कूबा आटोपून परत येत होती. डायव्हिंग सुखरूप पार पडले होते. दोन पर्यटकांचा जीव गेला तो परतीच्या वाटेवर. म्हणून या लेखात पाण्याखालच्या तंत्राविषयी फारसे काही नाही. बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वीपासून पुळणीवर परत उतरेपर्यंत लाईफ जॅकेट कसे वापरावे, एवढाच त्याचा विषय आहे.

नियम थोडक्यात असा आहे. बोट चालू असताना जॅकेट अंगावर असले पाहिजे. बोट नांगरून इंजिन बंद झाल्यावर, डायव्हिंगचे साहित्य अंगावर चढवण्याच्या वेळी ते उतरवावे. पाण्यातून वर आल्यावर साहित्य उतरताच ते पुन्हा घालावे. यातला पहिला भाग बहुतेक लोक पाळतात, दुसरा प्रशिक्षक करवून घेतो, आणि तिसरा भाग मात्र जवळजवळ सर्वांकडून राहून जातो.

बुकिंग करतानाच विचारायचे प्रश्न

लाईफ जॅकेटची चौकशी बोटीत बसल्यावर करून उपयोग नसतो, कारण तोवर पैसे दिलेले असतात आणि कुटुंबातली मुले पाण्याकडे पाहून उतावीळ झालेली असतात. म्हणून ती फोनवर किंवा काउंटरवरच करावी. बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा, म्हणजे मेरीटाईम बोर्डाचा, प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का? तो किती माणसांचा आहे? तेवढी जॅकेटे बोटीवर आहेत का, आणि मुलांच्या मापाची वेगळी जॅकेटे आहेत का? परतीच्या प्रवासातही जॅकेट मिळते का? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस बुचकळ्यात पडला, तर त्यातूनच पुष्कळ कळते.

वेळ निवडतानाही हाच विचार करावा. कोकण किनाऱ्यावर उघडिपीच्या दिवसांत सकाळी समुद्र बहुधा शांत असतो आणि दुपारनंतर वारा वाढून लाटा उठू लागतात. याचा अर्थ असा की सकाळी उशिरा निघालेल्या बोटीला जाताना सपाट पाणी मिळते आणि येताना खडबडीत. सकाळची पहिली फेरी घेतली तर दोन्ही वाटा त्यातल्या त्यात सौम्य मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. त्या सुमारास ‘आज शेवटची संधी’ म्हणून कोणी आग्रह केला, तर तो नाकारावा.

जॅकेट हातात आल्यावर काय पाहावे

माणसाच्या शरीरात पाण्याचाच अंश मोठा असल्यामुळे समुद्रात त्याचे वजन अवघे काही किलो उरते. तेवढे वजन तोलून धरायला फार मोठा आधार लागत नाही. खरी अडचण असते ती तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची. चांगल्या लाईफ जॅकेटमध्ये फोमचा बराचसा भाग छातीवर आणि मानेमागे असतो, आणि त्यामुळे शुद्ध हरपलेला माणूसही पालथा न राहता उताणा होतो. जॅकेटची ही ताकद न्यूटनमध्ये मोजतात आणि ती आतल्या लेबलवर छापलेली असते. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलो वजन वर धरण्याइतका आधार. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५०, १०० , १५० आणि २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. ५० न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, मदत हाकेच्या अंतरावर असताना वापरायचे साधन आहे. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर करीलच असे नाही. १०० न्यूटन आडोशाच्या पाण्यासाठी असते आणि उघड्या समुद्रासाठी १५० न्यूटन योग्य मानतात. जलक्रीडेच्या ठिकाणी दिसणारी मानेमागे गादी नसलेली, बंडीसारखी सुटसुटीत जॅकेटे पुष्कळदा पहिल्या प्रकारातली असतात. पोहता न येणाऱ्याने मानेमागे गादी असलेले जॅकेट मागून घ्यावे. ते अवजड वाटते आणि फोटोत चांगले दिसत नाही, पण काम तेच करते.

लेबल पुसले गेले असेल तर जॅकेट नीट चाचपून पाहावे. फोम दाबल्यावर पुन्हा फुगला पाहिजे. चपटा होऊन तसाच राहणारा फोम निकामी झालेला असतो. उन्हाने रंग विटलेले कापड दोन बोटांत धरून ताणावे, ते टरकू लागले तर जॅकेट बदलून मागावे. प्रत्येक बकल लावून, जोरात ओढून पाहावे. तुटलेल्या बकलच्या जागी पट्ट्याची गाठ मारलेली असेल, तर ते जॅकेट घेऊ नये, कारण ओली झालेली गाठ एक तर सुटते किंवा गरजेच्या वेळी सुटतच नाही. शिट्टी आहे का आणि ती वाजते का, तेही पाहावे. खांद्यांवर चमकणारी परावर्तक पट्टी असेल तर संध्याकाळी शोध घेणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग होतो.

अशा जॅकेटवरचा लोकांचा विश्वास फार जुन्या अनुभवातून आला आहे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडमधील व्हिटबी येथे जीवरक्षक नौका उलटून तिच्यावरील १३ जणांपैकी १२ जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, आणि त्या नौकेत नव्या धर्तीचे बुचाचे जॅकेट घातलेला तो एकटाच होता.

घालण्याची रीत

जॅकेट किनाऱ्यावर, दोन्ही पाय जमिनीवर असताना घालावे. बोटीत चढताना, गुडघाभर पाण्यात लाट येऊन तोल जाण्याची वेळ तीच असते. वेटसूट, म्हणजे डायव्हिंगसाठीचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, किनाऱ्यावरच मिळणार असेल तर आधी वेटसूट आणि त्यावर जॅकेट, असा क्रम ठेवावा. म्हणजे हलत्या बोटीत कपडे बदलण्याची पाळी येत नाही. पुढची झिप आणि सर्व बकले लावावीत, मग पट्टे खालून वर या क्रमाने ओढून घट्ट करावेत. जांघेतून घ्यायचा पट्टा असेल तर तो लाजून सोडून देऊ नये, कारण पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीवर येते ते त्याच्या अभावी. शेवटी सोबत्याला सांगून खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढवून पाहावे. ते कानांपर्यंत वर येत असेल तर ढिले आहे, आणि श्वास पूर्ण भरता येत नसेल तर फार आवळले आहे.

कपड्यांचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. ओढणी घरीच किंवा पिशवीत ठेवावी. साडी नेसलेल्या बाईंनी पदर पुढे घेऊन कमरेला खोचावा आणि त्यावर जॅकेट घालावे. जॅकेटवरून मोकळा सोडलेला पदर बकलही झाकतो आणि बोटीच्या कडेला किंवा शिडीला अडकतो. पर्स, कॅमेऱ्याचा पट्टा, गळ्यातले मोबाईलचे पाकीट यांपैकी काहीही जॅकेटवरून आडवे घेऊ नये. जॅकेट काढण्याची वेळ आली तर ते एका हाताने, न पाहता काढता आले पाहिजे.

बोट चालू असताना

बसल्यावर आपली जागा सोडू नये, हे ऐकायला किरकोळ वाटते. पण लहान बोट उलटण्याचे एक मोठे कारण माणसे एका बाजूला झुकणे हेच असते. डॉल्फिन दिसले की सगळे एकाच कडेला धावतात, किंवा समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसला की फोटोसाठी उभे राहतात, आणि त्याच क्षणी आडवी लाट आली तर तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, हाती फारसे काही उरत नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखापाशी विशेष सावध राहावे. खाडीच्या मुखावर वाळूचा उंचवटा तयार होतो, ओहोटीला तेथे पाणी उथळ होते आणि बाहेरून येणाऱ्या लाटा त्यावर फुटतात. तांडेल गप्प बसायला सांगेल तेव्हा गप्प बसावे.

उकडते म्हणून वरची बकले उघडी ठेवण्याची सवय अनेकांना असते. अर्धवट लावलेले जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते आणि माणूस एका बाजूला, जॅकेट दुसऱ्या बाजूला, अशी गत होते. जॅकेट मांडीवर किंवा बाकाखाली ठेवले म्हणजेही चालते, असे समजणाऱ्यांनी १८ डिसेंबर २०२४ चा प्रसंग आठवावा. त्या दुपारी गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीवर १०० हून अधिक माणसे होती आणि त्यांतील अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. धडक बसल्यावर, पाणी आत शिरत असताना, घाबरलेल्या गर्दीत जॅकेट शोधणे, सोडवणे आणि घालणे किती जणांना जमणार?

मळमळ होऊ लागल्यास उठून कडेला ओणवे होऊ नये. बसल्या जागी शेजाऱ्याला सांगावे, त्याने जॅकेटचा खांदा धरून ठेवावा आणि वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला तोंड करावे. जॅकेट अंगावर असणे सर्वांत गरजेचे असते ते अशा वेळी, आणि नेमके तेव्हाच ‘छाती दडपते’ म्हणून ते काढून टाकावेसे वाटते. पट्टा एक बोट सैल करावा, काढू नये.

काही ठिकाणी लहान बोटीतून डायव्हिंगच्या मोठ्या बोटीवर चढावे लागते. या वेळी जॅकेट अंगावर, हात मोकळे आणि सामान दुसऱ्याकडे असावे. दोन्ही बोटी लाटेवर वेगवेगळ्या वरखाली होतात. त्या एका पातळीला आल्यावर, खलाशी सांगेल तेव्हा, एकदाच आणि न घुटमळता पाऊल टाकावे. दोन बोटींच्या फटीत हात किंवा पाय कधीही घालू नये.

काढण्याची वेळ

लाईफ जॅकेट घालून स्कूबा करता येत नाही. जॅकेट माणसाला वर ढकलत असते आणि डायव्हिंगमध्ये हळूहळू, ताब्यात राहून खाली जायचे असते. शिवाय त्याचे पट्टे सिलिंडरच्या पट्ट्यांत अडकू शकतात. म्हणून ते काढावेच लागते. पण ते केव्हा काढायचे हे प्रशिक्षकाने सांगावे, आपण ठरवू नये. बोट नांगरलेली असावी, इंजिन बंद असावे आणि आपला नंबर आलेला असावा. आपल्या आधी चार जण जाणार असतील तर त्यांचे होईपर्यंत आपले जॅकेट अंगावरच असू द्यावे. बसून जॅकेट काढावे आणि लगेच बीसीडी चढवावा.

बीसीडी हेही दिसायला जॅकेटच असते, आणि त्यामुळे नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. सिलिंडर पाठीला धरून ठेवणारे आणि आत हवा भरता-सोडता येणारे हे साधन पाण्यात वरखाली होण्यासाठी बनवलेले आहे. त्यात हवा भरली तर ते पृष्ठभागावर माणसाला तरंगते ठेवते, हे खरे. पण शुद्ध नसलेल्या माणसाचे तोंड ते वर करीलच याची खात्री नसते, आणि हवा न भरलेला बीसीडी तर काहीच तरंगवत नाही. त्यामुळे ‘अंगात बीसीडी आहेच, मग लाईफ जॅकेट कशाला’ हे म्हणणे चालत्या बोटीवर चुकीचे ठरते.

त्याहून धोकादायक आहे तो वजनाचा पट्टा. वेटसूटच्या तरंगण्यावर मात करून खाली जाता यावे म्हणून कमरेला शिशाची वजने बांधतात. चालत्या बोटीत हा पट्टा अंगावर असलेला माणूस पाण्यात पडला तर सरळ तळाशी जाऊ शकतो. जाताना असो की येताना, वजने बांधून प्रवास करायचा नाही, यात कोणतीही तडजोड नको. पट्टा चढवताना त्याचे बकल उजव्या हाताने झटकन कसे उघडते, ते प्रशिक्षकाकडून एकदा करून दाखवून घ्यावे.

काढलेले जॅकेट आपल्या जागेवर ठेवावे आणि जागा लक्षात ठेवावी. त्यावर कोणी बसू नये आणि सिलिंडर तर मुळीच ठेवू नयेत, कारण दाबला गेलेला फोम कायमचा चपटा होतो.

वर आल्यावर

सर्वाधिक हयगय होते ती येथे. माणूस आनंदात असतो, थकलेला असतो, मिठाच्या पाण्याने घसा कोरडा पडलेला असतो आणि व्हिडिओ पाहण्याची घाई झालेली असते. बोट रिकामी करून पुढची फेरी आणायची म्हणून बोटीवरच्या माणसांचीही लगबग चालू असते. अशा वेळी शिडीने वर येऊन वजने आणि सिलिंडर उतरवल्यावर टॉवेल, चहा आणि मोबाईल यांच्या आधी जॅकेट मागावे. ओल्या वेटसूटवर ते घालायला जरा कष्ट पडतात, तरी घालावे.

‘वेटसूट घातला की माणूस बुडत नाही’ असे बोटीवर कोणी तरी सांगतेच. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि त्यामुळे तो थोडाफार तरंगवतो, यात खोटे काही नाही. पण हा आधार सर्वांगावर विखुरलेला असतो, छातीवर एकवटलेला नसतो; पालथा पडलेला माणूस वेटसूटमुळे पालथाच तरंगत राहू शकतो. त्यातही अर्ध्या बाह्यांचे पातळ सूट फारच कमी आधार देतात.

सर्टिफिकेट घेतलेल्या डायव्हरांनाही यातून सूट नाही. गोव्याहून ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरहून सुमारे १९ किलोमीटरवरील नेत्राणी बेटाला जाणारा प्रवास मालवणपेक्षा बराच लांबचा आणि अधिक उघड्या समुद्रातला आहे. दोन डाइव्हनंतर शरीर दमलेले असते, आणि उत्तम पोहणारा माणूससुद्धा बोटीच्या कडेवर डोके आपटून पडला तर पोहू शकत नाही. अनुभवी माणसाने जॅकेट घातलेले दिसले की बोटीवरचे नवखे लोक न सांगता घालतात, हा त्याचा आणखी एक फायदा आहे.

जे पाण्यात उतरत नाहीत त्यांच्याविषयी

स्कूबाला बहुधा सगळे कुटुंब जाते आणि त्यातले निम्मे बोटीवरच थांबतात. आजी-आजोबा, लहान मुले, पाण्याची भीती वाटणारी मावशी, या सर्वांनी किनारा सोडल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत जॅकेट एकदाही काढायचे नाही. नांगरलेली बोट जास्त हेलकावते आणि पाण्यात उतरणाऱ्यांकडे सगळ्यांचे डोळे असल्यामुळे बोटीवरच्या मुलाकडे कोणाचेही लक्ष नसते. मुलाचे जॅकेट त्याच्या वजनाप्रमाणे निवडावे. वजनाची मर्यादा लेबलवर दिलेली असते. मोठ्यांचे जॅकेट आवळून मुलाला घातले तर पाण्यात पडताच मूल त्यातून खाली निसटते. मुलाच्या मापाचे जॅकेट मिळत नसेल तर मुलाला बोटीत न नेता घरातल्या एकाने त्याच्याबरोबर किनाऱ्यावर थांबावे. हा सल्ला सहलीच्या दिवशी जिवावर येतो, हे मी जाणतो, तरीही तोच देतो.

पाण्यात पडलात तर

उडी मारावी लागली तर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन जॅकेट खाली धरून ठेवावे आणि पाय आधी पाण्यात जातील असे उतरावे. नाही तर पाण्याला लागताच जॅकेट वर येऊन हनुवटीवर आदळते. पाण्यात आल्यावर पोहत सुटू नये. उताणे व्हावे, गुडघे पोटाशी घ्यावेत, श्वास सावरावा आणि लाटांकडे पाठ करावी. उलटलेली बोटसुद्धा बहुधा तरंगत राहते आणि शोधायला येणाऱ्यांना एकट्या माणसाच्या डोक्यापेक्षा बोट आधी दिसते, म्हणून तिच्या आसपास राहावे. मात्र इंजिन चालू असेल तर पंख्यापासून दूर सरकावे. जवळ असलेल्यांनी एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे धरून घोळका करावा आणि मुलांना मध्ये घ्यावे. ओरडून दमण्यापेक्षा शिट्टी वाजवावी.

ताडपत्रीचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेल्या बोटीत एक वेगळा धोका असतो. बोट उलटली तर जॅकेट माणसाला वर, म्हणजे उलटलेल्या बोटीच्या आतल्या बाजूला, दाबून धरते. तेव्हा हाताने कडा शोधून, तिच्याखालून स्वतःला ओढत बाहेर यावे. तसे जमेचना, तर बकल उघडून बाहेर पडावे आणि शक्य झाल्यास जॅकेट हाताशी धरून ठेवावे. हे टाळण्यासाठी अशा बोटीत मधोमध न बसता कडेजवळची जागा घ्यावी.

किनाऱ्यावर थांबलेल्या नातेवाइकांकडे दोन क्रमांक असू द्यावेत: तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. बोट किती वाजता निघाली आणि तिच्यावर किती माणसे होती, हेही त्यांना ठाऊक असावे.

परतीला बोटीचे नाक वाळूला लागले की सगळे उठतात आणि जॅकेटे काढून फेकू लागतात. मागून येणारी लाट बोटीला आडवी करते ती याच वेळी. खलाशी बोट धरून उभा राहिल्यावर, एकेकाने, जॅकेट अंगावर ठेवूनच उतरावे आणि कोरड्या वाळूवर आल्यावर ते काढावे. आपल्या जॅकेटचे बकल, पट्टा किंवा शिट्टी खराब असल्याचे लक्षात आले असेल, तर ते ढिगात न टाकता बोटमालकाच्या हातात द्यावे आणि काय मोडले आहे ते दाखवावे, कारण पुढच्या फेरीची माणसे तोवर रांगेत उभी राहिलेली असतात.